बाईसाहेबांचा चष्मा

३ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. बातमी खरं तर फोनवर सांगण्यासारखी होती. पण मागच्या वेळी मी घसा फोडून सांगत राहिले आणि तुम्ही पलीकडून "हो हो, पार्सल पोचलं" म्हणत राहिलात. तेव्हापासून तुमच्या भावाने ठरवूनच टाकलंय, ताईला जे सांगायचं ते कागदावर. तर कागदावर सांगते. फोटो आला.

दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं, खुर्च्यांवर बसवलं, पाणी दिलं आणि मग एक पाकीट पुढे सरकवलं. दोन वर्षांची मुलगी आहे. लाकडी बाकावर बसलीय, हात मागे बांधलेले, भुवया जवळ आणलेल्या. फोटो काढणाऱ्याच्या हातून काहीतरी चूक झालीय आणि आता त्याची बदली होणार, अशा नजरेने बघतेय. तुमचा भाऊ खुर्चीतून उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, माफ करा." झालं, घरात तिचं तेच नाव पडलं. खरं नाव तिकडच्या भाषेतलं आहे. आम्ही दोघं रोज म्हणून बघतो, पण संस्थेच्या बाई ऐकून हसतात.

आता वाट बघायची. तिची आई वारलीय, वडिलांचा ठावठिकाणा नाही. तिच्या देशाचा कायदा असा, की आधी तिथे नोटीस लावायची, कुणी नातलग पुढे येतंय का बघायचं, मग कोर्ट आणि मग आम्ही. कोर्टाचा कागद हातात पडेपर्यंत 'आमची मुलगी' म्हणायचं नाही, असं बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. तुमच्या भावाने समजूतदारपणे मान डोलावली आणि जिना उतरताना मला म्हणाला, "आपल्या मुलीला लिफ्टची भीती तर नाही ना वाटणार?" लिफ्टच्या मिस्त्रीला दुसरं काय सुचणार.

घर बघायला आलेल्या बाईंची गंमत सांगायची राहिली. खिडक्यांचे गज, औषधांचं कपाट, नळाचं पाणी सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्यात भांडणं होतात का? आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "कधीच नाही." त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे.

तिकडच्या बालगृहाने आमच्या आवाजाची कॅसेट मागितलीय. मुलं नेण्याआधी त्यांना आवाजाची ओळख व्हावी, अशी त्यांची पद्धत आहे. भाषा कळली नाही तरी चालेल म्हणतात. हे तर माझं रोजचंच काम. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून वाचून मी जगाला झोपवत आलेय, एका बाईसाहेबांना झोपवणं काय अवघड.

वन्सं, दोनदा मी दवाखान्यातून रिकाम्या हाताने घरी आले, तेव्हा न्यायला तुम्हीच आला होतात. म्हणून हे आधी तुम्हाला लिहिलं. फोटोची प्रत सोबत आहे.

तुमची भावजय


१५ नोव्हेंबर

भावजयबाईंना आशीर्वाद. कान सोडून बाकी सगळं जागच्या जागी आहे.

फोटो दुकानातल्या दिव्याखाली भिंग लावून बघितला. समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्यालाही दाखवला. मुलगी छान आहे. तोरा तर आमच्या आईचाच. कुठून उचलला कुणास ठाऊक.

आता कामाचं. तिचा डावा डोळा किंचित आत वळतो. तू तो रुबाब समजलीस, पण ती भुवया जवळ आणते ती नीट दिसत नाही म्हणून. घाबरायचं काही नाही. या वयात चष्मा लागला की डोळा हळूहळू सरळ होतो. तिकडच्या डॉक्टरांकडून नंबर मागव. फ्रेमचं माझ्याकडे लागलं. हे गेल्यापासून दुकान मी चालवतेय, पण इतका छोटा चष्मा अजून माझ्या हातून झालेला नाही. मलाही हौस आहे.

एक सांगू का? रागावू नकोस. खोलीला रंग देऊन झाला असेलच, मी तुला ओळखून आहे. पण नोटिशीचं लक्षात ठेव. कुणी येणार नाही असं समजून चालू नकोस, येईल असंही समजू नकोस. मी म्हातारी, माझ्या मनात वाकडं आधी येतं. तू नको मनावर घेऊस.

भावाला सांग, मागच्या महिन्यात पाठवलेला चष्मा लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटला हे मला पटलेलं नाही. खड्ड्यात पडला असता तर काचेला ओरखडे असते. याच्या दोन्ही दांड्या सपाट झाल्यात.

वन्सं


२० डिसेंबर

प्रिय वन्सं,

नमस्कार, आणि आधी कबुलीजबाब. चष्मा खड्ड्यात पडला नव्हता. कसा फुटला याचा पुरावा आता परदेशात एका बालगृहात रोज वाजतोय.

झालं असं. मी कॅसेट कामावरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत नीट करायची म्हटलं, पण तिथे तारीख मिळेना. मग मशीन घरी आणलं. दारं लावली, पंखा बंद केला आणि चिमणीची एक लांबलचक गोष्ट अशी वाचली, की आमच्या साहेबांनी शाबासकीच दिली असती. एक श्वास इकडेतिकडे नाही. वाचून झाल्यावर समाधानाने उठले आणि मशीन बंद करायचं विसरले. इतकी वर्षं हेच काम करणारी मी! ऐकूनसुद्धा न बघता कॅसेट पाकिटात घातली.

परवा तिकडून पत्र आलं. संस्थेच्या बाईंनी भाषांतर करून वाचून दाखवलं. लिहिलंय, गोष्ट चालू असताना मुलगी भिंतीवरचे पोपडे काढत बसते. पण गोष्टीनंतरचा जो भाग आहे तो लागला की धावत मशीनपाशी येते, हसते, आणि तो पुन्हा पुन्हा लावल्याशिवाय झोपत नाही. त्या भागात काय आहे, हे कृपया कळवावं.

तुम्हाला ऐकू यायचं नाही, म्हणून लिहून काढलंय:

"अगं, माझा चष्मा कुठेय?"
"ठेवला तिथे."
"मी ठेवलाच नाही."
"मग फिरायला गेला असेल चष्मा."
"इथे टेबलावर चष्मा होता. तू आवरलंस."
"मी आवरते म्हणून टेबल आहे हे तरी कळतं. अहो, बसा आधी, मग शोधा."

मग खुर्चीचा आवाज. मग 'कट्'. आणि मग आम्ही दोघं जे हसत सुटलोय ते कॅसेट संपेपर्यंत.

संस्थेच्या बाईंसमोर माझी मान वर होईना. भांडणं कधीच होत नाहीत म्हणून सांगितलेलं ना! त्या म्हणाल्या, "राहू द्या. आम्हाला ते तेव्हाच कळलं होतं."

तिचा नंबर सोबत लिहिलाय. खोलीला पिवळा रंग दिला, तुम्ही म्हणालात तेव्हा दुसरा हात चालू होता.

तुमची भावजय


८ जानेवारी

भावजयबाईंना आशीर्वाद. कानांचं काही विचारू नकोस.

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि इतकी हसले की शेजारचा घड्याळवाला बघायला आला. त्याला वाटलं रडतेय. म्हणजे माझी दोन हातांची मेहनत माझ्या भावाने बुडाखाली घातली, आणि वर मला खड्ड्यात उतरवलं. त्याला म्हणावं, पुढचा चष्मा लोखंडाचा करून पाठवते.

बाईसाहेबांची फ्रेम तयार आहे. लाल. दांड्या मऊ ठेवल्यात आणि मागे रबरी पट्टी लावलीय, म्हणजे धावताना पडणार नाही. काच न घालता प्लॅस्टिकची भिंगं बसवलीत. चष्मा माझ्या अंगठ्यावर चढवून बघितला. तो दुकानात समोरच्या कपाटात ठेवलाय. येणारा जाणारा विचारतो. मी सांगते, माझ्या भाचीचा आहे. तुमच्या संस्थेच्या बाईंचा नियम इथे लागू होत नाही.

आपण सगळ्यांनी विमानतळावर जायचं ते ठरलं. तिथे मीच तिला तो घालणार. तेवढा मान मला हवा.

वन्सं


२६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तिने पहिला शब्द उचलला. आपल्या भाषेतला.

बालगृहाच्या बाई लिहितात, मुलगी हल्ली दिसेल त्याच्या तोंडाकडे बोट दाखवून 'चष्मा' म्हणते. आधी त्यांना कळेना. मग स्वयंपाकीणबाईंनी आपला चष्मा काढून पुसायला घेतला, तर ही टाळ्या वाजवायला लागली. आम्ही फोटोंची छोटी वही पाठवली होती, त्यात तुमच्या भावाचा चष्मा घातलेला फोटो आहे. कॅसेटमधला आवाज आणि वहीतला माणूस यांचा मेळ तिने आपला आपण घातला. तुमचा भाऊ ते पत्र खिशात घेऊन कामावर गेला. तिथे म्हणे लिफ्टमध्ये अडकलेल्या एका आजोबांना त्याने आधी पत्र वाचून दाखवलं आणि मग दार उघडलं.

बाकी वाट बघणं म्हणजे काय ते आता कळतंय. आमची वैद्यकीय प्रमाणपत्रं शिळी झाली म्हणून पुन्हा सगळ्या तपासण्या. पोलिसांचा दाखला शिळा झाला म्हणून पुन्हा ठाण्यात. तिथला हवालदार म्हणाला, "वर्षभरात काही केलंत का नवीन?" घर बघणाऱ्या बाई पुन्हा येऊन गेल्या, पुन्हा गज मोजले. कामावर सगळे विचारतात, कधी येणार, कधी येणार. आधी मी नीट समजावून सांगायची, आता नुसती हसते. पोट दिसत असतं तर कुणी इतकं विचारलं नसतं. जीव नुसता टांगणीला लागलाय.

पण सुनावणी एप्रिलमध्ये आहे असं कळलंय. पलंग आणला. तुमच्या भावाने कडेला कठडा लावला आणि मग स्वतः त्यावर आडवा होऊन बघितलं. पाय गुडघ्यापासून बाहेर. मी कामावर एप्रिलपासून रजा टाकलीय.

वन्सं, पंचेचाळिशी जवळ आली. मला वाटलं होतं, माझ्या आवाजाचा उपयोग इतरांच्या घरातच होणार. आता नाही वाटत.

तुमची भावजय


१९ मार्च

भावजयबाईंना आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. दुकानात काम होतं.

रजा आत्ताच पक्की करू नकोस, जमलं तर पुढे ढकल. कोर्टाच्या कामात मागेपुढे होतं. पलंगाशिवाय आणखी काही आणलं नसशील तर आता थांब. कपडे वगैरे मागाहून घेता येतात.

विमानतळाचं मला जमेल असं वाटत नाही. लाल चष्मा सध्या इथेच राहू दे.

भावाची काळजी घे. तो नीट जेवतो का?

वन्सं


२७ मार्च

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. दुकानात काम होतं! तुम्ही कधी मला इतकं कोरडं लिहिलं नव्हतं.

मला आता सगळं नीट लागतंय. पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, मनात वाकडं येतं म्हणून. तेव्हा मी ते प्रेमाने घेतलं. आता वाटतं, तुम्हाला ती नकोच होती. परक्या देशातली, परक्या रक्ताची, तिरळी. चष्मा करून झाला, चार गिऱ्हाइकांना दाखवून झाला, हौस फिटली. आता ती खरंच यायला लागली तर तुम्हाला विमानतळावर यायला जमत नाही.

तुमचा भाऊही तुमच्यासारखाच वागतोय. परवा मी म्हटलं, दोघं मिळून कपडे आणायला जाऊ, तर त्याने बूट घालून पुन्हा काढून ठेवले. विचारलं तर म्हणतो, पाय दुखतात. दोघांनी मिळून काय ठरवलंय ते एकदा तोंडावर सांगा. मी तिची आई होणार आहे. मला कुणाची परवानगी नकोय.

लिहू नये ते लिहिलं असेल तर असो. पाठवतेय.

भावजय


३ एप्रिल

माझ्या बाई,

लिहिलंस ते सगळं मी घेतलं. त्यात खोटं एवढंच, की मला ती नको होती. बाकी तुझा राग रास्त आहे, कारण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. हे पत्र तुला मिळायच्या आधी तुझ्या नवऱ्याने ती सांगितलेली असेल. तशी मी त्याला तार केलीय. नसेल सांगितली, तर आधी खुर्चीवर बस.

मार्चच्या सुरुवातीला तो अचानक दुकानात आला. तुला सांगून आला होता, दुसऱ्या गावी लिफ्ट बसवायचीय म्हणून. मला म्हणाला, नंबर वाढलाय, डोळे तपास. मी त्याला खुर्चीत बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला. सगळ्यात वरचं मोठं अक्षरही त्याला वाचता येईना. मी एक भिंग बदललं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. इतका नंबर वाढलाच कसा, म्हणून मी घाबरले. भिंगांची अख्खी पेटी रिकामी केली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो रडतोय. त्या पाण्यातून त्याला काय दिसणार होतं.

तो काहीतरी बोलत होता. मला ऐकू येईना. ओठ इतके थरथरत होते की तेही वाचता येईनात. मी म्हटलं, मोठ्याने बोल. त्याला जे एकदा बोलणं जड जात होतं, ते मी त्याला तीनदा बोलायला लावलं. शेवटी त्याने काउंटरवरची पेन्सिल घेऊन एका बिलाच्या पाठीवर लिहिलं, 'मुलीची मावशी आली.'

संस्थेचा फोन त्याच्या कामावर आला होता. मावशीने अर्ज केलाय. चौकशी व्हायची आहे, नक्की काही नाही, पण मनाची तयारी ठेवा. तुला सांगायचं धाडस त्याला होईना. म्हणाला, म्हणजे लिहिलं, 'कदाचित चौकशीत टिकणार नाही, मग तिला कळायचीच गरज नाही.' माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं. मग तुला पत्र लिहायला बसले तर हात चालेना, आणि जे चाललं ते तुला तसं कोरडं लागलं.

त्याच्यावर राग धर, पण फार दिवस धरू नकोस. आणि मला दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

वन्सं


४ मे

प्रिय वन्सं,

नमस्कार. उत्तराला महिना लावला. शिव्या नाहीत. मागच्या पत्राबद्दल माफ करा. तुम्ही कराल हे माहीत आहे, तरी लिहिते.

तुमची तार आली त्याच दिवशी यांनी सांगितलं. पलंगाचा कठडा सोडवत होते. मी म्हटलं, आत्ताच लावलेला काढताय का? तर पान्हा हातात तसाच धरून सांगितलं. मी जमिनीवर पडलेला स्क्रू उचलून दिला. मग म्हटलं, तो स्क्रू पुन्हा लावा. त्यांनी लावला.

एप्रिलमध्ये निकाल लागला. मुलगी मावशीकडे गेली.

मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीचं काम करते. बहिणीशी तिचं काहीतरी बिनसलं होतं. ती दुसऱ्या गावात, त्यामुळे बहीण गेल्याचंच तिला उशिरा कळलं. मग मूल कुठे ठेवलंय ते शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होती. शेवटी बसच्या थांब्यावर आमच्या त्या नोटिशीवर मुलीच्या आईचं नाव तिने वाचलं. संस्थेच्या बाईंनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या बाईत खोट शोधत होते. पिते का, मारते का, घर आहे का. काही सापडेना. ती वाईट असती तर मला किती बरं झालं असतं, वन्सं. मला आता धड कुणावर रागावताही येत नाही. कायदा आम्हाला आधी सांगितलेला, नोटीस आम्ही मान्य केलेली, मावशी तिची सख्खी. सगळं बरोबर झालंय आणि माझं घर रिकामं आहे.

कामावर गेले पहिल्या दिवशी तर सगळे गप्प. पोटातलं जातं तेव्हा लोकांना निदान काय बोलायचं ते माहीत असतं. जे मूल मी कधी हातात धरलं नाही त्याच्यासाठी रडायचा हक्क मला आहे की नाही, हेच कुणाला कळत नव्हतं. मलाही नाही. दत्तकासाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव पुन्हा वर ठेवता येईल असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, विचारू नका अजून.

आता खरं कारण लिहिण्याचं. बालगृहाकडून पत्र आलंय. मुलगी मावशीच्या घरी झोपत नाही. कॅसेट मागते. कॅसेट बालगृहातच राहिली होती. ती मावशीला द्यावी का, असं त्यांनी आम्हाला विचारलंय, कारण आवाज आमचा. यांचं म्हणणं देऊन टाकू. मला नाही वाटत. म्हणजे दिली तर ती पोर रोज आमच्या आवाजावर झोपणार, आणि आम्ही तिला कधी भेटणार नाही. त्या मावशीला काय वाटेल, की मूल माझं आणि झोपवणार परकी माणसं. न दिली तर पोर रडत राहणार. दिवसभर पुस्तकं वाचते आणि प्रत्येक पानावर हेच डोक्यात. तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची भावजय


१३ मे

माझ्या बाई,

रडायचा हक्क आहे. तो कुणी द्यावा लागत नाही.

कॅसेटचं सांगते. माझे कान एका दिवसात गेले नाहीत. आज घड्याळाची टिकटिक गेली, मग काही महिन्यांनी पावसाचा आवाज गेला, मग फोन गेला. इतकं हळू गेलं की कुठल्याच दिवशी मला रडावं लागलं नाही. सगळं एकदम गेलं असतं तर मी वेडी झाले असते.

तेव्हा कॅसेट दे. आणि मावशीला निरोप दे, की रोज लावायची, पण आवाजाचं बटण दर थोड्या दिवसांनी किंचित मागे करायचं. आणि ती वाजत असताना आपण शेजारी बसून आपलं काहीबाही बोलत राहायचं. तुमचा आवाज कमी होत जाईल, तिचा वाढत जाईल. पोरीला कळणारही नाही.

तुला कळेल. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

लाल चष्मा मी संस्थेच्या पत्त्यावर वेगळा पाठवतेय. डोळा तिचाच आहे, ती कुणाच्याही घरी असली तरी. इतके दिवस कपाटात होता. काल गिऱ्हाइकाने विचारलं तर मी म्हटलं, भाचीचा आहे, पाठवायचा राहिलाय.

वन्सं


२ जून

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसंच लिहून पाठवलं. संस्थेच्या बाई भाषांतर करता करता मध्येच थांबल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

घरी कॅसेटची एक प्रत आहे. यांनी विचारलं, लावू का? मी म्हटलं, आपल्याला बटण मागे करायला कोण सांगणार. ती कपाटात ठेवलीय.

हे हल्ली आपला चष्मा रोज एकाच जागी ठेवतात. मला त्याचंच रडू येतं.

भावजय


११ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

वाकून नमस्कार. कान कसे आहेत विचारत नाही.

बालगृहाच्या बाई मावशीच्या घरी चौकशीला जाऊन आल्या. त्यांचं पत्र आलंय. मावशीने बटण मागे करत करत नेलं. शेवटचे काही दिवस मशीन नुसतंच फिरत होतं, आवाज काहीच नव्हता, तरी मुलीला ते शेजारी लागायचं. मग एक दिवस लावायचं राहून गेलं आणि ती झोपली. आता कॅसेट कुणी लावत नाही. मावशी तिला इस्त्रीच्या कामावरचं एक गाणं म्हणून झोपवते. आमचा आवाज तिला आता आठवत नसावा, असं बाईंनी जपून लिहिलंय. मी ते वाक्य संस्थेच्या बाईंकडून दोनदा वाचून घेतलं. आपणच सांगितलं होतं ना तसं करायला. यांनी माझा हात धरला आणि दोघंही बाईंच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

यादीत नाव ठेवायचं की नाही, ते अजून ठरत नाही. बाई म्हणाल्या, आमची प्रमाणपत्रं पुन्हा शिळी व्हायला आलीत. पलंग आहे तिथेच आहे, कठड्यासकट. पिवळ्या खोलीचं दार मी आता लावून घेत नाही. आज तरी एवढंच.

आणि तुमच्यासाठी एक. लाल चष्मा तिला अगदी बरोबर बसला. डोळा सरळ व्हायला लागलाय. सकाळी उठल्याउठल्या ती हात पुढे करते आणि 'चष्मा' म्हणते. हा शब्द कुठला, ते मावशीला माहीत नाही. पोरीलाही आता माहीत नसेल. पण ती दुसऱ्या कुठल्या शब्दाने चष्मा घेतच नाही. त्यामुळे मावशी, तिचा नवरा, शेजारची म्हातारी, त्या घरात आता सगळेच चष्म्याला चष्मा म्हणतात.

तुमची भावजय